फोटो अपलोड होत नाही: दोष फोटोत आहे की स्क्रीनमध्ये?

बँक भरतीची जाहिरात निघाली की आमच्या ठाण्यातल्या दुकानात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, फोटो जरा लहान करून द्या ना." झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म असं आमचं काम. लहान म्हणजे किती, असं विचारलं की समोरचा मोबाइल पुढे करतो आणि दोन बोटांनी फोटो बारीक करून दाखवतो. "हा बघा, एवढा केला होता, तरी घेत नाही."

स्पर्धा परीक्षेची मुलं असोत, नातीच्या प्रवेशासाठी आलेले आजोबा असोत, घोडबंदर रोडच्या टॉवरमधले असोत की कोपरीतून चालत आलेले, अडतात सगळे इथेच. आज निस्तरलं तरी पुढच्या फॉर्मला पुन्हा तेच. कारण साधं आहे. तुम्ही बघता ती स्क्रीन, आणि वेबसाइट वाचते ती फाईल. बोटांनी फोटो बारीक केला म्हणून फाईलमधला एक केबीही कमी होत नाही. याच्या उलटही होतं. फाईल अगदी बरोबर असते, पण स्क्रीनच्या कुठल्यातरी सेटिंगमुळे फोटो पिवळा किंवा काळपट दिसतो आणि माणूस चांगल्या फोटोची वाट लावून बसतो. म्हणून कुठलंही ॲप उतरवून घ्यायच्या आधी दोष कुठे आहे ते ठरवा.

आधी ही तपासणी

फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवा आणि दोन्ही फोन शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे फोटो पिवळा, काळा किंवा फाटलेला दिसत असेल तर दोष फोटोत आहे. फक्त तुमच्याच फोनवर तसा दिसत असेल तर फोटोला हात लावू नका, थेट खाली स्क्रीनच्या भागाकडे जा. दुसरा फोन नसेल तर ब्राउझरमध्ये एखादं कोरं पांढरं पान उघडा. तेही पिवळसर दिसलं तर फोटो निर्दोष आहे.

बरेच जण पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पाठवतात. त्याचा उपयोग नाही. नाइट लाइटचा, म्हणजे रात्री स्क्रीन पिवळसर करणाऱ्या सेटिंगचा, पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही. तुम्ही म्हणता फोटो पिवळा आहे, समोरचा म्हणतो चांगला पांढरा दिसतोय, आणि दोघंही खरं बोलत असतात.

अपलोड करताना लाल अक्षरांत काही सूचना येत असेल, तर मात्र स्क्रीनचा संबंध नाही. दोष फाईलमध्येच शोधायचा.

केबी, पिक्सेल आणि सेंटिमीटर

फॉर्मवर फोटोचं माप तीन प्रकारे दिलेलं असतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. केबी म्हणजे फाईलचं वजन. पिक्सेल म्हणजे फोटोत आडवे किती ठिपके आणि उभे किती. सेंटिमीटरला कागदावर अर्थ आहे. मोबाइलमधल्या फोटोला सेंटिमीटर नसतात, ठिपकेच असतात. डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, हा आकडा त्या दोघांना जोडतो. २०० डीपीआयला साडेतीन सेंटिमीटर म्हणजे साधारण २७५ पिक्सेल, ३०० डीपीआयला ४१३. नुसता डीपीआय बदलून फोटो हलका होत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

आता वजनाकडे या. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख ठिपके. फाईल काही एमबींची. बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या फॉर्मला लागतो २०० गुणिले २३०, म्हणजे ४६ हजार ठिपके, आणि वजन २० ते ५० केबी. ठिपके तेवढेच ठेवून नुसतं 'कॉम्प्रेस' केलं तर ॲपला ५० केबी गाठण्यासाठी चेहऱ्याची माहिती फेकून द्यावी लागते. मग गालावर चौकटी दिसतात, केसांचा डाग होतो, आणि लोक म्हणतात मोबाइलचा कॅमेरा खराब. कॅमेरा खराब नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी क्रॉप करायचं, मग पिक्सेल कमी करायचे, आणि दर्जा सगळ्यात शेवटी, तोही लागला तरच.

क्रॉप करताना एक खाच आहे आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पासपोर्ट साइजचा फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा असतो. २०० गुणिले २३० चं प्रमाण त्याच्याशी जुळत नाही, ते जास्त चौकोनी आहे. पासपोर्टच्या मापाने कापलेला फोटो तसाच ताणून २०० गुणिले २३० मध्ये बसवला की चेहरा सुमारे १२ टक्के रुंद होतो. "फोटोत मी जाडी दिसतेय" ही तक्रार घेऊन मुली येतात, त्यातल्या बऱ्याच जणींचं कारण हेच. डोक्यावरची रिकामी भिंत किंवा खालचा खांदा थोडा कापून प्रमाण जुळवा, फोटो ताणू नका.

कशाने करायचं

सॅमसंगच्या गॅलरीत फोटो उघडून एडिट, मग तीन टिंबं, त्यात रिसाइझ मिळतं. ते टक्केवारीत लहान करतं, एमबीवरून उतरायला चांगलं, पण नेमके २०० गुणिले २३० मिळत नाहीत. गूगल फोटोजमध्ये क्रॉप छान होतं, पिक्सेल टाकायची सोय नाही. आयफोनवर फोटो फाइल्स ॲपमध्ये सेव्ह करा, त्यावर बोट दाबून धरा, क्विक ॲक्शन्समधून कन्व्हर्ट इमेज निवडा. आयओएस १६ पासून ही सोय आहे आणि तिथेच जेपीजी (फॉर्मला चालणारा फाईलचा प्रकार) करून लहान, मध्यम, मोठा असा आकार निवडता येतो. नेमके पिक्सेल हवे असतील तर शॉर्टकट्स ॲपमधली रिसाइझ इमेज ही कृती वापरा.

मी स्वतः जो विचारेल त्याला स्क्वूश सांगते. गूगलच्या क्रोम टीमने २०१८ मध्ये आणलेलं, ब्राउझरमध्ये चालणारं, फुकटचं. त्याचा मोठा गुण म्हणजे फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही, सगळं काम तुमच्याच फोनमध्ये होतं. फोटो निवडा, रिसाइझ चालू करा, रुंदी आणि उंची टाका. प्रमाण कायम ठेवण्याची खूण काढली तर फिट मेथडचा पर्याय येतो, तिथे स्ट्रेचऐवजी कंटेन घ्या, म्हणजे चेहरा ताणला जाणार नाही. मग खाली मोझजेपेग (जेपीजी बनवणारा पर्याय) निवडून क्वालिटीची पट्टी सरकवत राहा, नवीन वजन तिथल्या तिथे दिसतं. ५० ची मर्यादा असेल तर ४० च्या आसपास थांबा. काही जण १००० बाइटचा केबी धरतात, काही १०२४ चा, त्यामुळे तुमच्या फोनवर बरोबर ५० दिसलेली फाईल पलीकडे जास्त भरू शकते.

'फोटो ५० केबी करा' म्हणणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर सही, अंगठ्याचा ठसा आणि आधार कार्ड टाकणं मला अजिबात पटत नाही. फोटो एक वेळ ठीक. पण सही आणि अंगठा? फुकट काम करून देणारा त्या फाईलचं पुढे काय करतो, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सही: मोठी करावी लागते, लहान नाही

फोटोपेक्षा जास्त मुलं सहीवर अडकतात. आयबीपीएसच्या जाहिरातीत सहीचं माप १४० गुणिले ६० पिक्सेल आणि वजन १० ते २० केबी असं असतं. आता गणित करा. १४० गुणिले ६० म्हणजे ८,४०० ठिपके. पांढऱ्या कागदावर एक काळी रेघ. त्यात साठवण्यासारखं असतंच किती? फाईल चार-पाच केबींची होते आणि सूचना येते, फाईल फार लहान आहे. पोरं मात्र सवयीने ती आणखी कॉम्प्रेस करत बसतात!

इथे उलट जायचं. क्वालिटीची पट्टी पार शंभरपर्यंत न्या. तेवढ्याने भागलं नाही तर प्रमाण तेच ठेवून पिक्सेल वाढवा, २८० गुणिले १२० करून बघा. १४० गुणिले ६० हे माप 'शक्यतो' म्हणून दिलेलं असतं, वजनाची मर्यादा मात्र सक्तीची. फोटोचंही असंच, २०० गुणिले २३० ला २० केबी भरत नसेल तर पिक्सेल थोडे चढवा. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० गुणिले २४०, वजन २० ते ५० केबी. हाताने लिहिलेलं घोषणापत्र ८०० गुणिले ४००, वजन ५० ते १०० केबी. हे आकडे आयबीपीएसचे. दुसऱ्या भरतीचे वेगळे असतात, त्यामुळे मित्राच्या फाईली मागून घेऊन तशाच करू नका, आपली जाहिरात वाचा.

सही काळ्या शाईने, पांढऱ्या कोऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात. रेघी वही नको. कॅपिटल अक्षरांतली सही बँकेच्या परीक्षांना चालत नाही. फोन कागदावर सरळ धरला की स्वतःच्याच हाताची सावली पडते, म्हणून कागद खिडकीपाशी ठेवा आणि उजेड बाजूने येऊ द्या. ट्यूबलाइटखाली काढलेली सही बऱ्याचदा राखाडी येते.

फाईल जेपीजी नसतेच

माप बरोबर, वजन बरोबर, तरी 'इनव्हॅलिड फॉरमॅट'. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो एचइआयसी प्रकारात ठेवतो. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन मोस्ट कम्पॅटिबल करा, म्हणजे पुढचे फोटो जेपीजी येतील. आधीचे वर सांगितल्याप्रमाणे बदलावे लागतील. सॅमसंगमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हाय एफिशियन्सी पिक्चर्स चालू असेल तर हाच घोळ होतो. आयफोनचा स्क्रीनशॉटही जेपीजी नसतो, पीएनजी या वेगळ्या प्रकारचा असतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनचाही.

फाईलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिलं की काम झालं, असं एका क्लासमध्ये शिकवतात म्हणे. नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही. काही वेबसाइट फसतात, बाकीच्या नाही, आणि ज्या फसतात तिथे पुढे प्रवेशपत्रावर फोटोच्या जागी कोरी चौकट येण्याची भीती.

आणखी एक, फोटो सरळ असतो पण अपलोड झाल्यावर आडवा पडतो. फोन ठिपके एका दिशेने साठवतो आणि 'हा फोटो फिरवून दाखवा' अशी चिठ्ठी फाईलमध्ये ठेवतो. गॅलरी ती वाचते, काही वेबसाइट वाचत नाहीत. फोटो एडिटमध्ये उघडून कडेचा केसभर भाग क्रॉप करा आणि कॉपी सेव्ह करा. बहुतेक वेळा तेवढ्याने सरळ होतो.

व्हॉट्सॲपवर लोकांचा राग फार. "स्टुडिओवाल्याने व्हॉट्सॲप केला म्हणून फोटो खराब झाला." पासपोर्ट फोटोच्या बाबतीत हे खरं नाही. व्हॉट्सॲपने बारीक केलेल्या फोटोतही २०० गुणिले २३० साठी लागतात त्याच्या कितीतरी पट ठिपके शिल्लक असतात. खरा तोटा होतो मार्कशीट, जातीचा दाखला, सातबारा अशा बारीक अक्षरांच्या कागदांचा. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते. एचडीचा पर्याय २०२३ मध्ये आला, तो साध्यापेक्षा बरा, पण मूळ फाईल तोही पाठवत नाही.

जेपीजी प्रत्येक वेळी नव्याने सेव्ह केली की थोडी झिजते, झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तशी. माप चुकलं तर लहान केलेल्या फोटोवर पुन्हा प्रयोग करू नका, मूळ फोटोपासून सुरुवात करा. मूळ फोटो डिलीट करून बारीक केलेला तेवढा ठेवणारे भेटतात, त्यांच्यापुढे हात टेकले.

दोष स्क्रीनमध्ये असेल तर

*सगळं पिवळट.* अँड्रॉइडवर नाइट लाइट, सॅमसंगवर आय कम्फर्ट शील्ड, शाओमीवर रीडिंग मोड, आयफोनवर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन. यातलं बरंचसं वेळ लावून संध्याकाळी आपोआप चालू होतं, म्हणून दुपारी पांढरी दिसलेली भिंत रात्री पिवळी दिसते. लोक मग फोटो निळसर करतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रिंट काढली की चेहरा आजारी माणसासारखा. फोटोचा रंग ठरवायच्या आधी हे बंद करा. सॅमसंगमध्ये डिस्प्लेच्या स्क्रीन मोडमध्ये व्हिविडऐवजी नॅचरल करून बघा. व्हिविडमध्ये रंग असतात त्याहून भडक दिसतात.

*सगळं काळं-पांढरं.* हे बेडटाइम मोडचं काम. डिजिटल वेलबीइंगमध्ये तो लावलेला असेल तर झोपेच्या वेळी स्क्रीनचा रंग जातो. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीत डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, त्यात कलर फिल्टर्स. तिथे शॉर्टकट लावलेला असेल तर बाजूचं बटण तीनदा दाबल्यावर तो चालू-बंद होतो, आणि खिशात फोन असताना ते दाबलं जाऊ शकतं. निगेटिव्हसारखं दिसत असेल तर कलर इन्व्हर्जन बघा.

*फोटो काळपट.* ऑटो ब्राइटनेसने खोलीतल्या उजेडात स्क्रीन मंद केलेली असते, किंवा एक्स्ट्रा डिम चालू असतं. आयफोनवर रिड्यूस व्हाइट पॉइंट. अशा मंद स्क्रीनवर बघून फोटो उजळवला की कपाळ पांढरंफटक होतं. आधी ब्राइटनेस अर्ध्याच्या वर न्या, मगच फोटोकडे बघा.

*सबमिटचं बटणच दिसत नाही.* हे ज्येष्ठ मंडळींच्या फोनवर फार. मुलाने कौतुकाने अक्षरं मोठी करून दिलेली असतात, आणि सोबत डिस्प्ले साइजही. पानाची उजवी बाजू स्क्रीनच्या बाहेर जाते. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले साइज, सॅमसंगला स्क्रीन झूम, आयफोनला डिस्प्ले झूम, हे फॉर्मपुरतं कमी करा आणि काम झाल्यावर आठवणीने परत मोठं करा. नाहीतर घरी गेल्यावर काकू फोन करून विचारतात, "अगं, माझी अक्षरं कुठे गेली?" क्रोमच्या तीन टिंबांत डेस्कटॉप साइट केलं तरी बरीच पानं पूर्ण दिसू लागतात. डेव्हलपर ऑप्शन्समधल्या स्मॉलेस्ट विड्थला मात्र हात लावू नका. व्हिडिओ बघून लोक तो आकडा बदलतात आणि नंतर मूळ आकडा आठवत नाही.

स्क्रीन एका कोपऱ्यात मोठी होऊन अडकली असेल, कुठेही सरकत नसेल, तर तो बिघाड नाही. आयफोनवर तीन बोटांनी दोनदा टॅप करा. अँड्रॉइडवर मॅग्निफिकेशनचा शॉर्टकट चालू झालेला असतो, तो ॲक्सेसिबिलिटीत बंद होतो.

*कॅपचा दिसत नाही.* डार्क मोड. काळ्या पानावर काळी अक्षरं. फॉर्म भरताना ब्राउझरची थीम लाइट करा, अर्धे कॅपचे तिथल्या तिथे वाचता येतात. उरलेले अर्धे कुणालाच वाचता येत नाहीत, तिथे रिफ्रेशचं बटण.

फोटो काढतानाच

सेल्फी नको. हातभर अंतरावरून नाक मोठं येतं. दुसऱ्याला चार-पाच फूट लांब उभं करा आणि दुप्पट झूमवर मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांगा. प्रमाण ३ः४, ब्यूटी शून्यावर. कोपऱ्यात फोनच्या मॉडेलचं नाव किंवा तारीख छापली जात असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वॉटरमार्क बंद करा. बँकांच्या भरतीत आता अपलोड केलेल्या फोटोसोबत तिथल्या तिथे लाइव्ह फोटोही काढून घेतात. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा, दाढी नसलेला फोटो टाकून मोकळं होता येत नाही.

सगळं जमल्यावरही 'फाईल मोठी आहे' येतच राहिलं, तर निवडलेली फाईल कोणती ते बघा. मूळ फोटो आणि लहान केलेला, दोघं रिसेंटमध्ये शेजारी शेजारी असतात आणि चौकटीत अगदी सारखे दिसतात. बोट मूळ फोटोवरच जातं. फाइल्स ॲपमध्ये जाऊन लहान केलेल्या फाईलला साध्या इंग्रजी अक्षरांत नाव द्या, नावात वजन लिहा. मराठी अक्षरं, कंस, मोकळ्या जागा नकोत, काही वेबसाइट त्यावरही अडतात. आणि स्क्रीन टाइमआउट दहा मिनिटांवर नेऊन ठेवा, म्हणजे फाईल शोधेपर्यंत फोन बंद पडून मागचं पान पुन्हा लोड होणार नाही.